तांबूचा चीक

गाय व्यायला आणि पक्षाची माणसं यायला एकच गाठ पडली. तसं झालं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं अहिल्या अजूनही म्हणते. पण म्हणून काय उपयोग? गाय काही कॅलेंडर बघून वीत नाही, आणि पक्षाला रविवारशिवाय सवड नसते.

पक्ष म्हणजे तरी काय, तर आठ माणसं आणि एक खडखडती व्हॅन. फील्ड अँड क्रीचर पार्टी असं त्याचं भारदस्त नाव. झाड तोडू नका, पाणी नासू नका, मुक्या जिवाला राबवू नका, त्याला खाऊ नका आणि त्याचं काही घेऊही नका, एवढं त्यांचं म्हणणं. मोठे पक्ष त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. अहिल्येचा नवरा संग्राम त्याला गवत पार्टी म्हणायचा, तेही स्वानंदी घरात नसताना. स्वानंदी ही संग्राम-अहिल्येची एकुलती एक मुलगी. इथंच परदेशात जन्मलेली, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, लायब्ररीत नोकरीला. काउंटी बोर्डाच्या निवडणुकीत गवत पार्टीनं यंदा एकच उमेदवार उभा केला होता, आणि तो म्हणजे ती.

अ‍ॅशबर्न मागं पडलं, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती संपल्या, की रस्ता अरुंद होत डोंगराकडे जातो. तिथं यांचं सात एकर शेत. संग्राम मूळचा कराडकडचा, अ‍ॅशबर्नच्याच एका डेटा सेंटरमध्ये जनरेटर सांभाळायचा. हे शेत त्यानं एका म्हाताऱ्या गोऱ्या गवळ्याकडून घेतलं. गवळी धंदा बंद करत होता. शेवटच्या तीन जर्सी गाई लिलावाला निघाल्या होत्या. जमीन बघायला गेलेल्या अहिल्येनं गोठ्यात डोकावलं आणि तिथंच अडून बसली, की गाई राहिल्या तर जमीन, नाहीतर नको. तांबडी होती तिची तांबू झाली, काळसर होती ती मोरी. तिसरी मात्र जुन्या नावाशिवाय मानच वर करीना, म्हणून ती पेगीच राहिली.

त्या वर्षी पावसानं जुलैपासून तोंड दाखवलं नव्हतं. बोअरचा पंप खोकायला लागला होता. वरचं कुरण पोत्याच्या रंगाचं झालं होतं आणि चालताना पायाखाली चुरचुर वाजायचं. खालच्या कुरणात मात्र खडकातून एक झरा यायचा. बारीक, पण न थांबणारा. तीन गाई त्याच्यावर तगून होत्या. नेमक्या त्या कुरणात एका सकाळी लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, त्यांच्या डोक्यावर गुलाबी फिती. वीज कंपनी अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरांसाठी नवी मोठी लाइन आणत होती, आणि तिच्या मनोऱ्याचा एक पाय थेट झऱ्यात येत होता. कुरण गेलं की गाई गेल्या. त्यांना दुसरीकडे कुठं थेंबभर पाणी नव्हतं.

संग्रामची पंचाईत अशी, की ज्या डेटा सेंटरच्या पगारावर शेत घेतलं, त्याच्याचसाठी ते जायची वेळ आली होती. शिव्या घालायच्या तर कोणाला, हे त्याला कळेना. सकाळी तो त्या खुंट्यांकडे बघून दात-ओठ खायचा आणि मग बूट घालून त्याच लाइनीची वाट बघणाऱ्या इमारतीत कामाला जायचा. आजूबाजूचे घोडेवाले पैसेवाले. त्यांनी आपापले वकील लावून लाइन आपल्या कुंपणापासून ढकलली, आणि ती ढकलत ढकलत यांच्या दारात आली. यांच्या बाजूनं बोलायला एकटी गवत पार्टी पुढं आली.

पक्षात नोलन नावाचा एक वकील होता. सावकाश बोलणारा, उंच, खांद्यात वाकलेला. जनावरांच्या केसेस तो फुकट लढायचा. पुढच्या गुरुवारी बोर्डापुढे या लाइनीची सुनावणी होती आणि तिथं तो उभा राहणार होता. आईबाबांनी लिलावातून सोडवलेल्या गाई आहेत, असं स्वानंदीनं त्याला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. त्यातल्या एकीला गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वळूकडे नेलं होतं आणि ती आता दिवसांत आली होती, हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यालाही खोटं म्हणता येत नाही. बोलायचं राहून गेलं, एवढंच.

शनिवारी उजाडताना तांबू व्यायली. अहिल्या गोठ्यात गुडघे टेकून बसली होती. पुढचे पाय दिसले, मग नाक, मग तांबू कण्हली आणि सगळं ओलं गाठोडं अहिल्येच्या मांडीवर घसरलं. कालवड होती. तिचं नाक पुसून, तोंडातला चिकटा बोटानं काढून अहिल्येनं ती आईपुढे सरकवली. तांबू चाटत सुटली. थोड्या वेळानं कालवड लटपटत उभी राहिली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा तिला सड सापडला. पोटातली वार पडेपर्यंत अहिल्या तिथंच होती. तिचे हात कोपरापर्यंत माखले होते आणि ती स्वतःशीच हसत होती.

कालवडीचं पोट टम्म झाल्यावर मग तिनं चरवी घेतली. पिवळाधमक, दाट चीक. आता चिकाचं असं आहे, की तो कोणी विकत नाही. तिच्या माहेरी दूध डेअरीला जायचं, ताक शेजारी जायचं, पण चीक मात्र नात्यागोत्यात आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्यांच्या घरी जायचा, आणि चिकाचं भांडं कोणी रिकामं परत करायचं नाही. मूठभर धान्य, नाहीतर गुळाचा खडा त्यात पडलाच पाहिजे. नाहीतर गाय आटते म्हणायचे.

गवत पार्टीवाले दूध घेत नाहीत हे अहिल्येला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. लायब्ररीतल्या मीटिंगला तिनं एकदा थर्मासभर चहा नेला होता आणि तसाच परत आणला होता. पण तिथंच तिनं स्वानंदीचं भाषणही ऐकलं होतं. गाय म्हणजे मशीन नाही, तिच्या दुधाचा धंदा मांडणं हे पाप आहे, लेकराच्या तोंडचं काढून बाटलीत भरता, असं ती म्हणाली होती. अहिल्येला ते मनापासून पटलं होतं. म्हणजे दोष कशात? विकण्यात, आणि वासराला उपाशी ठेवण्यात. इथं तर वासरू पोटभर पिऊन झोपलंय आणि विकायचा प्रश्नच नाही. मग चिकाला कोण कशाला नाही म्हणेल? उद्या जी माणसं आपल्या झऱ्यासाठी चिखलात उतरणार, त्यांना चीक नाही द्यायचा तर कोणाला द्यायचा? असा तिचा सरळ हिशेब. स्वानंदीला विचारलं असतं, पण ती दिवसभर बाजारात पत्रकं वाटत होती आणि परत आली ती घसा बसलेला घेऊन झोपायलाच.

रविवारी व्हॅन आली. सगळ्यात आधी उतरली डार्लीन, पक्षाची अध्यक्ष. सत्तरीची, काटकुळी, एका गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिनं आल्या आल्या पहार मागितली. बाकीच्यांत चार कॉलेजातल्या मुली, एक निवृत्त पोस्टमन, नोलन, आणि रस नावाचा एक दाढीवाला सुतार. त्यांनी झऱ्यातला गाळ काढला, कुजकी पानं उपसली, कुंपणाचे मोडलेले खांब उपटून नवे घातले. जमीन इतकी कडक की पहार ठणठण वाजत परत यायची. पोस्टमनच्या तळहाताला फोड आले. संग्राम रात्रपाळी करून आला होता, तरी तारा ताणायला लागला. मनोऱ्याच्या खुंट्यांना मात्र कोणी हात लावू नका, असं नोलननं बजावलं होतं. सगळे त्यांना वळसा घालून घमेली वाहत होते. मोरी आणि पेगी लांबून बघत होत्या. तांबू वर गोठ्यात होती आणि तिकडे अजून कोणी गेलं नव्हतं.

दुपारी तार संपली म्हणून स्वानंदी व्हॅन घेऊन गावात गेली. तेवढ्यात अहिल्येनं खरवस आणला. कुकरची शिटी काढून गूळ-वेलदोडा घालून वाफवलेला, वर जायफळ. तिनं तो वड्या पाडून झाडाखाली सगळ्यांपुढे धरला. भुकेली माणसं. उमेदवाराच्या आईनं केलेलं, म्हणजे आपल्यातलंच असणार, अशी त्यांची समजूत. अंडं नाही ना, एवढं नोलननं विचारलं. अंडं आमच्या घरात येतच नाही, असं अहिल्येनं अभिमानानं सांगितलं. रसला ते टोफूचं काहीतरी वाटलं. मुलींनी फोटो काढले. डार्लीननं एक घास घेतला आणि चावायची थांबली. मग अगदी हळूहळू तिनं ती वडी संपवली आणि दुसरी घेतली. अहिल्येला इतका आनंद झाला, की तिनं एका स्टीलच्या डब्यात चार वड्या भरून डार्लीनच्या हातात दिल्या, घरी न्यायला.

कसं करायचं, असं एका मुलीनं विचारलं. अहिल्येचं इंग्रजी कामापुरतं. सांगत बसण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून ती सगळ्यांना वर गोठ्याकडे घेऊन गेली आणि दार उघडलं. तांबू रवंथ करत होती, कालवड तिच्या पोटाशी. अहिल्येनं कालवडीकडे बोट केलं, मग कासेकडे, मग हातातल्या रिकाम्या ताटाकडे. आणि हसली.

कोणी हसलं नाही. एक मुलगी तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. रसनं जे तोंडात होतं ते गोठ्याच्या दारात थुंकलं. अहिल्येनं आधी त्या थुंकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला वाटलं जायफळ जास्त झालं. नोलन खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, की ही गाय गाभण होती हे मला कोणी सांगितलं नाही. डार्लीननं फक्त डब्याचं झाकण घट्ट केलं. व्हॅन आल्यावर ती सगळ्यांच्या मागून चढली. डबा तिच्या मांडीवरच होता. झाडाखाली ज्या वड्या उरल्या होत्या त्या कचऱ्याच्या बादलीत पडल्या होत्या. कोणी टाकल्या ते अहिल्येला शेवटपर्यंत कळलं नाही. 

स्वानंदी त्यांच्याबरोबर गावापर्यंत जाऊन परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. आई ओट्यापाशी कुकर घासत होती.

"आई, तू मला एकदा विचारायचंस ना यार. दे आर व्हीगन. सगळ्यांना माहितीये."

"मी विकला का तो? पहिला तिच्या पोरीला पाजला. तूच म्हणालीस ना भाषणात?"

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई."

"मग काय आहे ते सांग मला. आणि तू तरी त्यांना तांबू गाभण आहे हे कुठं सांगितलंस?"

 स्वानंदीनं फडकं घेतलं आणि आईनं घासलेलं एकेक भांडं पुसायला लागली.  चूक कोणाची यावर भांडायची दोघींचीही इच्छा होती, पण सुरुवात कुठून करावी ते सापडत नव्हतं.

सोमवारी पक्षाचं ठरलं. उमेदवार बदलावा असं रसचं म्हणणं होतं. डार्लीननं ते होऊ दिलं नाही. पण नोलनचा मुद्दा वेगळा होता आणि तो सगळ्यांना पटला. दूधदुभत्याच्या शेतासाठी मी उभा राहू शकत नाही, असं त्यानं स्वानंदीला फोनवर सांगितलं. तिथं जनावरांचा आश्रम असेल, कायमचा, तरच. म्हणजे यापुढे धार काढायची नाही, गाय फळवायला वळूकडे न्यायची नाही, तिन्ही गाई आणि कालवड मरेपर्यंत नुसत्या राहतील. तसं लिहून दिलं तर गुरुवारी तो येईल. नाहीतर लाइन कोणी अडवू शकणार नाही, हे तोही जाणून होता.

अहिल्येनं हे ऐकलं आणि शेणाची पाटी उचलून बाहेर गेली. शेणात हात असला की तिला विचार सुचतो. त्या दिवशी काही सुचलं नाही. धार काढायची नाही तर गाय ठेवायची कशाला, आणि गाय ठेवायची नाही तर कुरण वाचवायचं कशाला? पण कुरण नाही वाचलं तर गाईच जातात. फिरून फिरून ती तिथंच यायची. घाण्याच्या बैलासारखी गत झाली होती तिची.

त्याच दिवशी अ‍ॅशबर्नहून प्रीताचा फोन आला. प्रीता पुण्याची, आयटीतली. दर वसुबारसेला ती अ‍ॅशबर्नची मराठी मंडळी गाड्या भरून आणायची. मुलांना गाय दाखवायची, हळदकुंकू वाहायचं, तांबूबरोबर फोटो काढायचे, जाताना सगळे बाटलीभर दूध मागून न्यायचे. मुलींनी टाकलेल्या फोटोंवरून तिला खरवसाचं कळलं होतं, आणि सहीच्या कागदाचं अहिल्येनं सांगितलं. "काकू, अजिबात साइन करू नका. हे लोक क्रेझी आहेत यार," ती म्हणाली. अहिल्येला धीर आला. गुरुवारी सुनावणीला तुम्ही किती जण याल, असं तिनं विचारलं.  गुरुवार म्हणजे वर्किंग डे, त्यात मुलांचा कथ्थकचा क्लास, पण ग्रुपवर टाकते, असं प्रीता म्हणाली. ग्रुपवर टाकल्यावर बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. गुरुवारी येतो म्हणणारा एक निघाला नाही.

संग्राम कामावरून आला तो जेवला आणि ताटावरच बसून राहिला. अहिल्येनं त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे ते एकदा सांगा. तो खरकट्या हातानं ताटात रेघा ओढत होता.

"मला विचारू नकोस. मी दिवसभर ज्यांची वीज सांभाळतो, संध्याकाळी त्यांच्याच तारेला शिव्या देतो. आता दूध न काढता गाई पाळायच्या म्हणे. माझी आई असती तर म्हणाली असती, पोराचं डोकं फिरलं." मग ताट बाजूला सारून म्हणाला, "पण ती आठ माणसं आली होती. पहार घेऊन. हे विसरता येत नाही बघ."

विसरता येत नाही हे अहिल्येलाही माहीत होतं. खरं तर तिला तेच जास्त लागलं होतं. ज्यांनी मदत केली त्यांनाच आपण विटाळ खायला घातल्यासारखं झालं, आणि तो विटाळ का, हे समजत नव्हतं. रसच्या थुंकीची जागा तिनं तीनदा धुतली होती. रागही येत होता आणि लाजही वाटत होती, आणि यातलं आधी काय ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मंगळवारी नोलन आला, बरोबर डार्लीन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवला. अहिल्येनं सवयीनं चहा टाकला, मग आठवण झाली आणि दूध न घालता गाळला. स्वतःच्या कपातही घातलं नाही. संग्रामनं आडवी सही ठोकली आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

ती पेन धरून बसली. मग स्वानंदीला म्हणाली, "ह्यांना विचार, कास भरली की काय करायचं?"

स्वानंदीनं विचारलं. नोलननं डार्लीनकडे बघितलं. कालवड पिईल, डार्लीन म्हणाली.

"ती किती पिणार? जर्सी आहे. आणि ही कालवड मोठी झाली की?"

ती कालवड कधी विणार नाही, असं नोलन म्हणाला. त्याच्या आवाजात चांगलीच बातमी दिल्याचा सूर होता. स्वानंदीनं ते मराठीत सांगताना मान खाली घातली. अहिल्येच्या डोळ्यांपुढे कालवडीचा तो ओला, लटपटता देह आला. हिचा चीक कोणी बघणार नाही. तिनं सही केली ती मराठीत, पूर्ण नावानिशी, आणि उठून आत गेली.

गुरुवारी काउंटीच्या सभागृहात एका बाजूला नारिंगी टीशर्ट घातलेले लाइनीचे कामगार भरले होते. त्यांनाही काम हवं होतं, आणि त्यांचे राबलेले हात बघून अहिल्येला त्यांचाही राग येईना. दुसऱ्या बाजूला गवत पार्टीची आठ माणसं, हिरव्या पानाचा बिल्ला लावून. तिलाही एकीनं बिल्ला लावला. साडीच्या पदराला तो ओढत होता. स्वानंदी दोन मिनिटं बोलली, एकदाही चुकली नाही. मग नोलन उठला आणि सावकाश बोलत राहिला. आश्रम हा शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वापरला. बोर्डानं आपसात कुजबुज केली आणि लाइन जुन्या हायवेच्या कडेनं न्यावी अशी शिफारस केली. कंपनीचा माणूस कंटाळल्यासारखा मान हलवून बरं म्हणाला. जी गोष्ट दोन महिने घरात कोणाला झोपू देत नव्हती, ती अशी एका बरं म्हणण्यानं संपली. रसनं येऊन अहिल्येचा हात हातात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. तिनं हात सोडवून घेतला नाही. बाहेर पडताना एका नारिंगी टीशर्टवाल्यानं दार धरलं आणि मॅडम, अभिनंदन म्हणाला. स्वानंदी पुढं निवडणुकीत पडली, पण ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

शुक्रवारी खुंट्या निघाल्या. खालचं कुरण पुन्हा कुरणासारखं दिसायला लागलं. झऱ्यापाशी तर थोडं हिरवंही झालं होतं.

शनिवारी सकाळी अहिल्या गोठ्यात गेली ती चरवी घेऊनच. हाताची सवय, सही होऊन चार दिवस झाले तरी सुटली नव्हती. दारात तिला आठवलं आणि तिनं चरवी बाहेर उपडी ठेवली. आत तांबू पाय फाकून उभी होती. कास दगडासारखी तटतटलेली, सड चकाकत होते. कालवड पिऊन तृप्त होऊन पेंढ्यात लोळत होती. अहिल्येनं तिला उठवून कासेशी नेली. तिनं दोन ढुशा दिल्या आणि तोंड फिरवलं. अहिल्येला बघून तांबूनं पान्हा सोडला. चारही सडांतून थेंब थेंब गळायला लागलं. कासेला हात लावला तर कढत. तांबूनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि हंबरली. अहिल्या मागं सरकली. हात लावायचा की नाही, तेच तिला कळेना. कागदावर सही होती. गाय समोर ओरडत होती. अहिल्येला रडू फुटलं.

गाडीचा आवाज आला. डार्लीन लंगडत गोठ्यात आली, हातात तो स्टीलचा डबा. डबा भरलेला होता. ओटचे दाणे. हे तुला नाही, तिच्यासाठी, ती तांबूकडे बोट करून म्हणाली. अहिल्या डब्याकडे बघत राहिली. रिकामा न देण्याची रीत हिला कोणी सांगितली?

मग डार्लीननं कास बघितली. तिनं पट्टा सैल केला आणि वाकडा गुडघा सांभाळत तांबूच्या एका अंगाला खाली बसली. हात लावायच्या आधी तिनं तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. ते बघून अहिल्येला समजलं.

माझा बाप गवळी होता, डार्लीन म्हणाली. त्या दिवशी पहिल्या घासालाच ओळखलं मी. आजी करायची, साखर घालून. चार वड्याही खाल्ल्या. सगळ्या, घरी जाऊन, एकटीनं.

"मग तेव्हा का नाही बोललात?" अहिल्येनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.  डार्लीनचा हात सडावर होता. लहानपणी दर वेळी खरवस झाला की दोन दिवसांनी वासरू गाडीत घालून कसायाकडे न्यायचे, ती म्हणाली. मला दोन्ही आठवतं.

अहिल्या दुसऱ्या अंगाला बसली. डार्लीन म्हणाली, थोडंच, दुखणं जाण्यापुरतं. दोघींनी धार काढायला घेतली. अहिल्येनं ओट तांबूपुढे ओतले आणि रिकामा झालेला डबा विचार न करता कासेखाली धरला. एक धार डब्यात वाजली. डार्लीनचा हात थांबला. तिनं त्या डब्याकडे पाहिलं, मग अगदी हळू, जणू कोणाचं मन दुखवू नये अशा बेतानं, तो बाजूला सारला.

अहिल्येनं तो पुन्हा ओढला नाही. धारा मातीत पडत राहिल्या. तीन महिने पाणी न पाहिलेली जमीन ते दूध गटागट पीत होती. तांबूचा ताण उतरला आणि तिनं ओटात तोंड घातलं.

दारात स्वानंदी येऊन उभी होती. तिनं दोघींना बघितलं, जमिनीवरचा पांढरा ओघळ बघितला.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"मला माहीत नाही, बाई," अहिल्या म्हणाली. "तू ते वासरू जरा धर. मध्ये येतंय."